आकड्यांत दिसणारा कच्चा गडी

सहा जण पोकर खेळायला बसलेत आणि सहाही जण सारख्याच तयारीचे आहेत, असं धरून चला. वर्षभर ते फक्त एकमेकांशीच खेळले तर शेवटी फायद्यात कोण राहील? एकही जण नाही. रंगलेल्या डावांतून कंपनी आपला हिस्सा कापून घेते. त्याला रेक म्हणतात. छोट्या टेबलांवर तो साधारणपणे पॉटच्या, म्हणजे डावात जमलेल्या पैशांच्या, ५ टक्क्यांच्या आसपास असतो आणि वर एक कमाल मर्यादा असते. म्हणजे टेबलावरचा पैसा सतत बाहेर जात राहतो आणि सहाही जण हळूहळू हरत राहतात. त्यांतल्या कुणाला जिंकायचं असेल, तर रेकपेक्षा कितीतरी जास्त हरणारा एक तरी गडी त्या टेबलावर हवा. ऑनलाइन पोकरमधली निम्मीअधिक आकडेमोड, महागडी सॉफ्टवेअर, तासन्‌तास टेबलं चाळत बसणं, हा सगळा खटाटोप त्या एका गड्याला हुडकण्यासाठी चालतो.

कोल्हापुरात हे सांगायला हवं, कारण पत्ते इथे कुणाला शिकवावे लागत नाहीत. गणपतीत मंडपामागे तीन पत्ती, लग्नघरी रमी, हे बघतच पोरं मोठी होतात. त्यामुळे मोबाइलवर पोकर आला तेव्हा तो पटकन हाताला बसला. पण मंडपामागे समोरच्याचा चेहरा दिसतो, आवाज कळतो, तो कुणाचा कोण हे ठाऊक असतं. ऑनलाइन टेबलावर त्या जागी तुमचे आकडे असतात. समोरचे पाच जण ते आकडे वाचत असतात, आणि ज्याचे ते आहेत त्याने मात्र बहुतेक वेळा ते कधी उघडूनच पाहिलेले नसतात. मला या लेखात मुख्यतः एवढंच सांगायचं आहे, की कच्चा गडी शोधण्याची रीत सगळ्यात आधी त्या कच्च्या गड्याला माहीत हवी.

कायद्याचं आधी सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा जुना वाद त्यात ठेवलेला नाही. खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. म्हणून काही जण व्हीपीएन लावून परदेशी साइटवर जातात. त्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे की जाऊ नका. तिथे पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही, आणि त्या टेबलांवर पुढे लिहिलेलं सगळं तुमच्याविरुद्ध वापरणारे लोक दिवसभर बसलेले असतात. खोट्या, पैशांत न बदलणाऱ्या चिप्सवर खेळणारे, जुन्या डावांच्या फाइली अजून डिस्कवर असलेले, आणि गोव्याला जाऊन बसणारे यांना मात्र यातलं बरंच उपयोगी पडेल.

ऑनलाइन पोकरमध्ये प्रत्येक डाव मजकुराच्या स्वरूपात नोंदला जातो. कोण कुठल्या जागेवर होता, कुणी किती घातले, कुणी पत्ते टाकून डाव सोडला, शेवटी कुणाचे पत्ते उघडले, सगळं ओळीने. याला हँड हिस्टरी म्हणतात. पोकरट्रॅकर किंवा होल्डेम मॅनेजरसारखं सॉफ्टवेअर या फाइली आपोआप उचलतं, डेटाबेसमध्ये भरतं आणि प्रत्येक खेळाडूच्या नावाखाली आकड्यांची छोटी ओळ टेबलावरच दाखवतं. त्या ओळीला हड म्हणतात. तुम्ही स्वतः ज्या टेबलावर होता तेवढेच डाव त्यात येतात. झाकलेले पत्ते कळत नाहीत. शेवटपर्यंत जाऊन उघडले तेवढेच कळतात, आणि ही मर्यादा पुढे फार नडते.

पहिला आकडा व्हीपीआयपी. सक्तीचे ब्लाइंड (पत्ते बघायच्या आधी दोघांना घालावेच लागणारे पैसे, एक लहान आणि एक मोठा) सोडून, स्वतःच्या मर्जीने माणूस किती टक्के डावांत पैसे घालतो, ते तो सांगतो. दुसरा पीएफआर, म्हणजे फ्लॉप (मध्ये उघडणाऱ्या पाच सामाईक पत्त्यांपैकी पहिले तीन) पडायच्या आधी किती टक्के डावांत तो रेज करतो, म्हणजे लावायची रक्कम वाढवतो. सहा जणांच्या टेबलावर नो-लिमिट होल्डेम (हातात दोन झाकलेले पत्ते, बेटेला वरची मर्यादा नाही) खेळणारा जाणता माणूस साधारण २२ ते २७ व्हीपीआयपी आणि १८ ते २२ पीएफआरमध्ये सापडतो. दोन्ही आकडे जवळ असतात, कारण तो खेळायचं ठरवलं की बहुतेक वेळा रेज करूनच उतरतो. कच्च्या गड्याची खूण या दोन आकड्यांमधल्या अंतरात असते. ५२ आणि ६ अशी जोडी दिसली तर हा माणूस निम्म्याहून जास्त डावांत शिरतो आणि जवळपास सगळ्याच डावांत नुसता कॉल करून, म्हणजे आधी लागलेत तेवढेच पैसे घालून, शिरतो. त्याला पत्ते टाकवत नाहीत. खेळायला आलोय तर बघू तरी काय पडतंय, ही त्याची वृत्ती असते आणि ती अगदी माणसासारखी आहे. रविवारी दुपारी घरात पत्ते घेऊन बसल्यावर आपण सगळे असेच खेळतो.

बाकीचे आकडे या जोडीला आधार देतात. फ्लॉप पाहिल्यावर तो किती वेळा शोडाउनपर्यंत, म्हणजे शेवटी पत्ते उघडेपर्यंत, जातो, हे तिसरं. जाणत्यांचं २५ ते २९ टक्के, कच्च्याचं ३५ च्या वर. चौथा आक्रमकतेचा आकडा: बेट (स्वतःहून पैसे लावणं) आणि रेज यांची बेरीज भागिले कॉल. तो १ च्या खाली असेल तर माणूस मारत नाही, मार खातो. पाचवा, फ्लॉपवर समोरच्याने बेट केली की तो किती वेळा पत्ते टाकतो. हा एकटा आकडा बघून डाव कसा खेळायचा ते अर्धं ठरतं.

कारण ब्लफचं, म्हणजे हातात काही नसताना समोरच्याने पत्ते टाकावेत म्हणून लावलेल्या बेटेचं, गणित सरळ आहे. पॉटच्या अर्ध्याएवढी बेट लावून ब्लफ केला, तर तो नुसता फिटायलाही समोरच्याने तीनातून एकदा पत्ते टाकायला हवेत. दोन तृतीयांश लावली तर ४० टक्के वेळा. पूर्ण पॉट लावला तर निम्म्या वेळा. आता समोरचा फ्लॉपवर फक्त ३१ टक्के वेळा टाकत असेल, तर अर्ध्या पॉटचा कोरा ब्लफसुद्धा तोट्यात जातो. नवशिक्याला पोकर म्हणजे ब्लफ असं वाटतं आणि तो नेमका अशाच माणसावर ब्लफ मारत बसतो. ज्याला पत्ते टाकवत नाहीत त्याच्यावर ब्लफ लागू पडत नाही. त्याच्याकडून पैसे मिळतात ते चांगल्या पत्त्यांवर जाड बेट लावून.

हे जवळून बघू. ब्लाइंड ५ आणि १० रुपये, दोघांपुढे १००० रुपये. समोरच्याची ओळ ५२, ६, शोडाउन ३८ टक्के, आक्रमकता ०.८, १४० डाव. तो सुरुवातीच्या जागेवरून नुसते १० घालतो. आपण बटनवर, म्हणजे फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलायच्या जागेवर, आहोत, हातात एक्का आणि राणी. ५० करायचे. चांगल्या टेबलावर ३० किंवा ४० केले असते, पण हा ५० लाही येणार हे त्याच्या ओळीतच लिहिलंय. दोन्ही ब्लाइंड गेले, तो आला. पॉट ११५. फ्लॉपवर इस्पिक राणी, बदाम अठ्ठी, किलवर तिर्री. तो चेक करतो, म्हणजे काही न लावता पाळी सोडतो, आपण ८०, तो कॉल. पॉट २७५. टर्नवर, म्हणजे चौथा पत्ता, चौकट दुर्री. त्याचा चेक, आपण १९०, कॉल. पॉट ६५५. रिव्हरवर, म्हणजे पाचवा आणि शेवटचा पत्ता, किलवर गुलाम, पुन्हा चेक. दोघांपुढे आता ६८० उरलेत.

जाणता खेळाडू समोर असता तर इथे एका जोडीवर तिसरी बेट लावताना हात आखडला असता, कारण दोन कॉल केलेल्या जाणत्याकडे आपल्याहून वाईट असं फारसं उरत नाही. या माणसाकडे उरतं. राणी-दश्शी, राणी-सत्ती, हातातल्या दोन नव्व्या, एक्का-अठ्ठी, यातलं काहीही घेऊन तो कॉल करतो, कारण शोडाउनपर्यंत जाणं ही त्याची सवय आहे. म्हणून ४०० लावायचे. ही बेट फायद्याची ठरायला, त्याने कॉल केल्यावर निम्म्याहून जास्त वेळा आपण पुढे असलो की पुरे. आणि समजा त्याने कॉलऐवजी सगळे ६८० आत ढकलले, तर? पत्ते टाकायचे. ०.८ आक्रमकतेचा माणूस रिव्हरवर रेज करतो तेव्हा त्याच्याकडे दोन जोड्या किंवा त्याहून मोठं काही असतं. तेच पत्ते, तीच बेट, पण ५८ व्हीपीआयपी आणि ४४ पीएफआरच्या उधळ्या माणसाने केलं असतं तर कॉल करावाच लागला असता. दोघेही कच्चेच, पण एकाशी खेळायची रीत दुसऱ्यावर लावली की आपणच बुडतो. तिसरा कच्चा ११ आणि ९ वाला. तो भीतीने खेळतो, त्याचे ब्लाइंड पुन्हा पुन्हा उचलायचे आणि त्याने अंगावर रेज केली की निमूट बाजूला व्हायचं.

आता खरी अडचण. आकडे खोटं बोलत नाहीत, पण थोड्या डावांवर ते काहीच बोलत नाहीत, आणि माणूस मात्र ऐकल्यासारखं करतो. खरा २५ टक्क्यांचा जाणता खेळाडू घ्या. त्याच्या ३० डावांत त्याला बरे पत्ते आले आणि तो ११ डावांत उतरला, तर ओळीत ३७ दिसेल. असं किंवा याहून जास्त घडण्याची शक्यता दहातून एकदा आहे. टेबलावर असे पाच जण असतील तर त्यांच्यापैकी निदान एक तरी तसा दिसण्याची शक्यता ४० टक्क्यांहून जास्त. म्हणजे जवळपास दर दुसऱ्या टेबलावर तुम्हाला एक नकली कच्चा गडी सापडणार आणि तुम्ही त्याच्या मागे लागणार. १०० डावांवर २५ दिसलं तर खरा आकडा १७ ते ३४ मध्ये कुठेही असू शकतो. ४०० डावांवर तो २१ ते २९ मध्ये येतो. बरं, ३० डावांत १४ वेळा उतरलेला दिसला तर? जाणत्याकडून हे शंभरात एखाद वेळीच घडतं, तेव्हा संशय घ्यायला हरकत नाही. मोठं अंतर लवकर दिसतं, बारीक अंतर दिसायला शेकडो डाव लागतात.

आणि व्हीपीआयपी हा सगळ्यात लवकर स्थिरावणारा आकडा आहे, कारण त्याची संधी दर डावाला येते. फ्लॉपवर बेट आल्यावर पत्ते टाकायची वेळ १०० डावांत एखाद्यावर दहाएक वेळाच येते. रिव्हरवरचे आकडे तर हजारो डाव मागतात. स्क्रीनवर मात्र सगळे एकाच आकाराच्या अक्षरांत दिसतात. शेजारी १०० टक्के लिहिलंय आणि आत उघडून बघावं तर तीन संधींपैकी तीन. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये टक्क्यांसोबत संधींची संख्या दाखवायची सोय असते, ती चालू ठेवल्याशिवाय हड वापरू नये असं माझं मत आहे. कागदावर करायची एक साधी युक्तीही आहे. फ्लॉपवर बेट आल्यावर पत्ते टाकण्याची सगळ्या खेळाडूंची सरासरी ४५ टक्के धरा आणि प्रत्येकाच्या खात्यावर सुरुवातीलाच २० काल्पनिक संधी टाका, त्यांतल्या ९ वेळा त्याने पत्ते टाकले असं समजून. आता तीनपैकी तीन वेळा टाकणाऱ्याचं होतं २३ पैकी १२, म्हणजे ५२ टक्के. सरासरीपेक्षा थोडा जास्त घाबरट, एवढंच तूर्त म्हणता येतं. संधी वाढत जातील तसा त्याचा खरा आकडा त्या काल्पनिक वीसांना मागे टाकतो.

आणखी घोटाळे होतात. नऊ जणांच्या टेबलावरचे आणि सहा जणांच्या टेबलावरचे डाव एकत्र मोजले की आकडा निरर्थक होतो. नऊ जणांत १७ टक्के खेळणारा व्यवस्थित असू शकतो, सहा जणांत तोच घट्ट वाटतो. सहाचं टेबल मोडत मोडत तिघांवर आलं असेल तर चांगला खेळाडूही ४० टक्के डावांत उतरतो, आणि ते डाव वेगळे काढले नाहीत तर तोच तुम्हाला कच्चा दिसतो. दोन वर्षांपूर्वीचे डाव ठेवून आजचा माणूस जोखणं हीही चूकच, कारण लोक शिकतात. शोडाउनला उघडलेल्या पत्त्यांवरून मत बनवताना लक्षात ठेवायचं की टाकलेले पत्ते आपण पाहिलेलेच नाहीत. त्याने दोनदा ब्लफ उघडा केला म्हणून तो ब्लफ करणारा ठरत नाही, यशस्वी झालेले आणि सोडून दिलेले डाव अंधारातच राहतात.

सॉफ्टवेअर नसताना काय करायचं? अनुभवी माणूस पहिल्या पाच मिनिटांतच बरंच ओळखतो. कच्चा गडी पूर्ण १०० मोठ्या ब्लाइंडांएवढे पैसे घेऊन बसत नाही, ३७ किंवा ६२ असे अडनिडे पैसे घेऊन बसतो आणि कमी झाले तरी भरत नाही. टेबलावर आल्या आल्या ब्लाइंड भरून खेळायला लागतो, आपली पाळी यायची वाट बघत नाही. पहिलाच उतरताना नुसता कॉल करतो. फ्लॉपवर मोठ्या पॉटमध्ये एवढीशी बेट पुढे सरकवतो. एकच टेबल खेळतो. यांतली एखादी खूण कुणातही दिसेल, तीन एकत्र दिसल्या तर मात्र शंका फारशी उरत नाही. मग जागा बघायची. पाळी डावीकडे सरकते, म्हणून असा गडी आपल्या उजव्या हाताला हवा. तो आधी बोलतो, आपण त्याचं बघून ठरवतो. तो डावीकडे बसला असेल तर त्याची चूक आपल्याला कळते, पण उशिरा.

पणजीला मांडवीतल्या कॅसिनोत जाऊन खेळणाऱ्यांना हेच डोळ्यांनी करावं लागतं. तिथे तासाला २५ ते ३० डाव होतात, ऑनलाइन एका टेबलावर त्याच्या दुप्पट किंवा जास्त. सहा तास बसलं तरी १५० ते १८० डाव. त्यामुळे रिव्हरच्या आकड्यांच्या नादी लागण्यात अर्थ नाही. प्रत्येक माणूस किती डावांत उतरला आणि त्यांतले किती रेज करून, एवढे दोनच रकाने मनात ठेवले तरी रात्र संपेपर्यंत टेबल उलगडतं.

ऑनलाइन कंपन्यांनी यावर काय केलं तेही बघण्यासारखं आहे. कच्चा माणूस आठवड्यात संपला तर टेबलं ओस पडतात, हे त्यांच्या लवकर ध्यानात आलं. बोडॉगने २०११ मध्ये निनावी टेबलं आणली, तिथे नावच नाही तर आकडे कुणाच्या खाली लिहिणार? पार्टीपोकरने २०१९ मध्ये हड बंद केले. जीजीपोकर बाहेरचं सॉफ्टवेअर चालू देत नाही, आपलाच मोजका हड देतं. यात खेळाडूची काळजी थोडी आणि धंद्याची जास्त, असं मला वाटतं, पण परिणाम चांगला झाला. एक मात्र खरं, की डावांच्या नोंदींनी एक मोठं कामही केलंय. २००७ मध्ये अ‍ॅब्सोल्यूट पोकरच्या एका स्पर्धेत एक खातं अशक्य वाटेल इतकं अचूक खेळत होतं. खेळाडूंनीच डावांच्या नोंदी तपासल्या आणि त्या खात्याला सगळ्यांचे झाकलेले पत्ते दिसत होते हे उघडकीला आणलं. कंपनीने आपणहून ते सांगितलं नव्हतं.

आता जे बोलायला अवघड आहे ते. खासबागेच्या मैदानात कुस्ती जोड बघून लावतात. वजन, तयारी, आधीच्या कुस्त्या बघून जाणती माणसं सांगतात की हा गडी याच्याशी भिडेल. तयार पैलवानाने पोरसवदा गडी मागितला तर मैदान त्याला नावं ठेवतं. पोकरमध्ये जोड लावणारं कुणी नाही. तिथे कमजोर गडी शोधून त्याच्याच शेजारी जाऊन बसणं हे कसब समजलं जातं. खेळाच्या नियमांत ते बसतं, आणि सुरुवातीचं रेकचं गणित बघितलं तर दुसरा मार्गही नाही. मी त्याला पाप म्हणणार नाही. पाचशे रुपये करमणुकीला काढून ठेवलेला, नोकरी सांभाळून शनिवारी खेळणारा माणूस हरला तर त्याने सिनेमाच्या तिकिटासारखे ते मोजलेले असतात.

पण त्याच ५२ आणि ६ च्या ओळीखाली दुसराही माणूस बसलेला असतो, आणि सॉफ्टवेअरला दोघांतला फरक कळत नाही. आपल्याला कळतो. एरवी ३० टक्के खेळणारा आज ६० वर गेलाय. पैसे संपले की दहा सेकंदांत पुन्हा भरतोय, पाचव्यांदा. नेहमीच्या ५ आणि १० च्या टेबलावरून उठून २५ आणि ५० च्या टेबलावर गेलाय. रात्रीचे तीन वाजलेत. आकडे वाचणाऱ्याला याचा अर्थ लगेच लागतो: हा खेळत नाहीये, गेलेले पैसे परत आणायला धडपडतोय. ते पैसे कॉलेजच्या फीचे असतील, घराच्या हप्त्याचे असतील. पुष्कळ खेळाडू अशा क्षणी त्याच्या टेबलावर जागेसाठी रांग लावतात, आणि तिथे मात्र मी थांबतो. ज्याला ओळखता येतं त्याने उठून जावं. टेबलावर त्याला टोमणे तर मारूच नयेत. आणि हे वर्णन वाचून कुणाला आपलंच वाटलं, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

म्हणूनच माझा आग्रह, की डेटाबेसमध्ये पहिलं नाव स्वतःचं उघडावं. बहुतेक जण फक्त नफ्याचा आलेख बघतात आणि तोच सगळ्यात कमी सांगतो. सहा जणांच्या टेबलावर दर १०० डावांमागे नफ्यातोट्याचं प्रमाण विचलन, म्हणजे चढउताराचं माप, साधारण ९० मोठे ब्लाइंड असतं. त्यामुळे १०,००० डावांनंतर दर शंभरी ५ ब्लाइंड नफा दिसला, तरी खरा आकडा उणे १३ पासून अधिक २३ पर्यंत कुठेही असू शकतो. एक लाख डावांनंतरही पाच-सहा ब्लाइंडांची चूक दोन्ही बाजूंना उरतेच. आपण जिंकणारे आहोत, हे दहा हजार डावांच्या जोरावर ठरवून नोकरी सोडणं, इतकं आंधळं काम दुसरं नाही.

त्याऐवजी जागेप्रमाणे गाळणी लावा. मोठ्या ब्लाइंडवर सगळेच हरतात. काहीही न खेळता प्रत्येक वेळी टाकत राहिलं तर १०० डावांमागे १०० ब्लाइंड जातात. जाणता माणूस ते नुकसान ३० ते ४५ वर आणतो. तुमचं ७० असेल तर तिथे एकतर फार टाकताय किंवा काहीही घेऊन कॉल करताय, आणि व्हीपीआयपी बघून दोन्हींतलं कुठलं ते लगेच कळतं. लहान ब्लाइंडवर न खेळता ५० जातात. तुमचे ५० हून जास्त जात असतील तर त्या जागेवरून खेळणं सोडून दिलं तरी फायदाच.

दुसरी गाळणी मनःस्थितीची. एक पूर्ण बाय-इन, म्हणजे बसताना घेतलेले सगळे पैसे, हरल्यानंतरचे ५० डाव प्रत्येक बैठकीतून वेगळे काढा. अशा १२ बैठका मिळाल्या की ६०० डाव होतात. त्याच काळातले, हरायच्या आधीचे ६०० डाव शेजारी ठेवा. आधी व्हीपीआयपी २४ आणि नंतर ३३ आलं, तर हा नऊ टक्क्यांचा फरक एवढ्या डावांवर पत्त्यांच्या योगायोगाने येत नाही, तो तुमचाच आहे. फरक तीन-चार टक्क्यांचा असेल तर अजून काही ठरवता येत नाही, आणखी बैठका जमवाव्या लागतील. फाइली मिळत नसतील, खोट्या चिप्सवर किंवा घरी मित्रांत खेळत असाल, तर वहीत चार रकाने आखा: वेळ, उतरलो का, रेज केली का, आणि त्या क्षणी एकूण किती खाली होतो. दर डावाला चार खुणा, पाच सेकंदांचं काम. शंभर डाव झाले की रात्री अकराच्या आधीचे आणि नंतरचे वेगळे मोजा, आणि शंभरावर भरवसा न ठेवता वही चारशेपर्यंत चालू ठेवा.